एकशिंगी मत्स्य आणि वासुकीची दोरी: गणपतीच्या एका देखाव्याचं प्रकरण

मालवण तालुक्यातल्या एका गाबीत, म्हणजे मच्छीमार, कुटुंबाचा पाट (ज्यावर मूर्ती घडवायची ती फळी) वर्षानुवर्षं आमच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागी, येतो. गेल्या खेपेला पाटाबरोबर एक मागणीही आली. गणपतीच्या बाजूला मत्स्यावताराचा देखावा करून हवा होता: प्रलयाचं पाणी, शिंगाचा मासा आणि त्या शिंगाला बांधलेली होडी. अटी दोनच होत्या. पाचव्या दिवशी जे पाण्यात जाईल ते पाण्यात विरलंच पाहिजे, आणि घरातल्या आजोबांना मासा पटला पाहिजे. आजोबांचं आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात, गेलेलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून झावळांखाली झाकलेल्या, त्यामुळे शाळेत येऊन बसायला त्यांना सवड होती. आले तेव्हाच त्यांनी सांगितलं, "मेस्त्री, मासो होडी कसो वडता, ता दिसाक होया."

कामाची दिशा त्या एका वाक्याने ठरली. मत्स्यावताराचे देखावे मी बरेच पाहिलेत. मासा देखणा असतो, होडी देखणी असते, मध्ये दोरीही असते, पण ओढ कुठेच नसते. मासा डौलात पोहतो आणि होडी आपसूक मागे येते. कुणीही डोळ्यांनी न पाहिलेला प्राणी घडवायचा तर जोर कुठून निघतो आणि कुठे पोचतो हे सगळ्यात आधी पक्कं करावं, असं माझं ठाम मत आहे. ते पक्कं झालं की अंगाची ठेवण, आतला सांगाडा आणि कुठे काय साहित्य वापरायचं, हे सगळं त्यातूनच निघतं. या कामात ते कसं निघालं, ते इथे सविस्तर लिहितो.

गोष्ट कोणती धरायची

माशाची ही गोष्ट एकच नाही. शतपथ ब्राह्मणात मनूला सकाळी हात धुताना पाण्यात छोटासा मासा सापडतो. तो मडक्यात वाढतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात जातो, आणि पूर येतो तेव्हा मनू नावेचा दोर त्याच्या शिंगाला बांधतो. तो विष्णू आहे असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. महाभारताच्या वनपर्वात तोच मासा स्वतःला ब्रह्मा म्हणवतो आणि नाव हिमालयाच्या शिखराला बांधायला सांगतो. भागवताच्या आठव्या स्कंधात मात्र तो विष्णू आहे, राजाचं नाव सत्यव्रत आहे, मासा सोन्याचा आणि एका शिंगाचा आहे, आणि दोरीच्या जागी वासुकी नाग आहे. घरच्यांना हीच गोष्ट हवी होती. माझ्या दृष्टीनेही ती सोयीची, कारण रंग, शिंग आणि दोरी या तिन्हींचा निकाल पोथीनेच लावून टाकलेला.

कंबरेपासून वर चतुर्भुज विष्णू आणि खाली माशाची शेपटी हे रूप देवळांतून आणि चित्रांतून जास्त रुळलेलं आहे. ते मी घेतलं नाही. त्यात शिंगाला जागाच उरत नाही, आणि होडी ओढायची तर देवाने दोर हातात धरायला लागतो. आम्ही अखंड मासा धरला.

नातवंडांची वेगळीच मागणी होती. त्यांना संकासूर हवा होता. भागवतात वेद पळवणारा हयग्रीव असला तरी आमच्या मुलुखात जत्रेला दशावतार पाहिलेलं पोर वेद चोरणारा म्हणून काळ्या वेषातल्या संकासुरालाच ओळखतं. त्याला तळाशी शंखात बसवायचं ठरलं.

देखावा गणपतीच्या पाटावर घ्यायचा नाही, वेगळ्या फळीवर करायचा, हेही तेव्हाच ठरवून घेतलं. प्राणप्रतिष्ठा झाल्यावर मूर्ती हलवत नाहीत, आणि देखाव्याला मात्र पाच दिवसांत कधीही हात लावावा लागू शकतो. शिवाय आमच्याकडे मूर्ती डोक्यावरून जाते. त्या वजनात मासा आणि समुद्र मिळवून चालणार नव्हतं. फळी तीन फुटांची, मासा साधारण सव्वीस इंचांचा, होडी दहा इंचांची.

शिंग

कॅलेंडरवरच्या चित्रात शिंग बहुधा मागे वळलेलं असतं. दिसायला ते छान, पण दोर टिकत नाही. मासा पुढे जातो, होडी मागे खेचते. शिंग मागे कललेलं असेल तर फास शिंगावरून वर सरकत टोकाकडे जातो आणि निसटतो. तेच शिंग थोडं पुढे कललेलं असेल तर मागची ओढ फासाला खाली, बुंध्याकडे नेऊन घट्ट बसवते. एक सुकी काठी ओल्या मातीच्या गोळ्यात रोवून, तिला सुंभाचा फास घालून मी हे आजोबांसमोर ओढून पाहिलं. ते काही बोलले नाहीत. फास बुंध्याशी बसला तशी नुसती मान हलवली.

पण ही युक्ती होडी किती उंचीवर आहे यावरही अवलंबून आहे. होडी लाटेच्या माथ्यावर खूप वर ठेवली तर ओढ मागे आणि वर अशी तिरकी होते, आणि पुढे कललेल्या शिंगावरूनही फास वर चढू शकतो. म्हणून होडीचं नाक शिंगाच्या बुंध्याच्या पातळीत, किंचित खालीच ठेवायचं ठरलं. लाट उंच हवी होती, ती होडीच्या मागे घेतली.

दुसरी गोष्ट डोक्याची. शिंग पाठीच्या रेषेच्या वर असतं, म्हणजे मागे ओढ बसली की तोंड वर उचललं जाणार. ते दाबून धरायला माशाने डोकं खाली घालून पाठ ताणली पाहिजे. मासा ओढतोय हे पाहणाऱ्याला कळतं ते याच ठेवणीतून: तोंड थोडं खाली, पाठीची कमान शिंगामागे सुरू होऊन शेपटीपर्यंत गेलेली, शेपटी एका बाजूला पूर्ण झोकलेली. बसक्या, सरळ माशाला कितीही जाड दोर बांधला तरी तो ओढत नाही.

मासा कुठला

ज्या घरात रोज मासा साफ होतो तिथे चुकीच्या जागी लावलेला पर (माशाचा पंख) लगेच नजरेत येतो. त्यामुळे अंग खऱ्या माशांवरूनच घ्यायचं होतं. शिंग कवटीतून उगवणार, तर कवटी जड हवी. डोकं गोबऱ्याचं घेतलं: रुंद कपाळ, खालचा जबडा पुढे आलेला, जाड ओठ. मागचं अंग सुरमईचं, म्हणजे आमच्या इसवणाचं. शेपटीच्या मुळाशी अंग एकदम बारीक होतं आणि शेपटी चंद्रकोरीची असते. वेगाने, लांबवर पोहणाऱ्या माशांची ठेवण अशीच असते. ओढणाऱ्या माशाला गोल, पसरट शेपटी दिली असती तर आजोबांनी तिथेच काम थांबवलं असतं.

सुरमईची खवलं मात्र इतकी बारीक की मातीत ती दिसणारच नाहीत. खवलं तांबोशाची घेतली, मोठी आणि स्पष्ट. ती बसवायची पद्धत कौलं शाकारण्याची. वळचणीकडून सुरुवात करून वर चढत जावं, तसं शेपटीकडून सुरुवात करून डोक्याकडे जायचं, म्हणजे प्रत्येक पुढची ओळ मागच्या ओळीच्या मुळावर बसते. डोक्याकडून लावत गेलं की खवलं उलटी उघडतात आणि मासा अंगावर काटा आल्यासारखा दिसतो. अंगाच्या मधोमध कल्ल्यापासून शेपटीपर्यंत माशाला एक बारीक रेघ असते. ती बांबूच्या टोकाने ओढली आणि तिच्यामुळे पाठीची कमान आणखी स्पष्ट झाली.

सांगाडा आणि माती

शाडूची माती गुजरातेतून येते. ती बारीक, गुळगुळीत, तपशिलाला उत्तम. पण नुसत्या शाडूचा भरीव मासा केला तर तो उचलणार कोण, आणि पावसाळ्यात तो आतपर्यंत सुकणार कधी? म्हणून सांगाड्यावर काम करायचं होतं. तार नको होती, कारण ती समुद्रात तशीच पडून राहते. कणा माणग्याच्या (आमच्याकडचा एक बांबू) चिरलेल्या कांबीचा, वाफेवर वाकवून कमान दिलेला. शिंग चिवारीच्या, म्हणजे दुसऱ्या एका बांबूच्या, बारीक, भरीव काठीचं. ही काठी कपाळात वरून खोचलेली नाही. ती कवटीतून आरपार जाऊन कण्याला टेकते आणि तिथे सुंभाने आवळलेली आहे. दोराची ओढ त्यामुळे मातीवर येतच नाही, थेट कण्यावर जाते. गोष्टीत जोर जिथून जातो, तिथूनच तो देखाव्यातही गेला.

पुढची पद्धत कोलकात्याच्या कुमारटुलीतल्या दुर्गामूर्तीच्या कारागिरांची आहे, आणि माझ्या मते मोठ्या मातीकामासाठी आपल्याकडे तिच्याहून शहाणी पद्धत नाही. बांबूवर भाताचं पेंढं बांधून अंगाचा आकार आणायचा. त्यावर भाताचं तूस मळलेल्या चिकणमातीचा जाड हात द्यायचा. तो सुकून भेगाळला की वर बारीक मातीचा हात, आणि भेगांवर मातीच्या पाण्यात बुडवलेल्या सुती कापडाच्या पट्ट्या. पेंढ्याचं काम नुसतं वजन वाचवणं नाही. माती सुकताना आक्रसते, सर्वसाधारण चिकणमाती लांबीत शेकडा पाच ते आठ. आतला सांगाडा कडक असला की तो आक्रसत नाही आणि माती त्याच्यावर ताणून फाटते. पेंढं दबतं, मातीला आत यायला जागा देतं.

आमच्या माशात आतला हात मळ्यातल्या चिकणमातीचा, तुसाबरोबर बारीक तोडलेला काथ्या घातलेला. वरचा पातळ हात शाडूचा. आतला हात पूर्ण सुकून, आक्रसून झाल्यावरच वरचा द्यायचा आणि मध्ये मातीचं पातळ पाणी लावायचं. दोन्ही ओले असताना चढवले तर दोघांची आक्रसण्याची गती वेगळी असल्याने वरचा पापुद्रा सुटतो.

पर मातीचे केलेच नाहीत. सुरुवातीला पातळ मातीचा एक पर करून ठेवला होता, तो सुकताना कडेने वळला. त्यापेक्षा पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, बरी. तिच्यात उभे धागे असतात ते परातल्या काट्यांच्या रेषा म्हणून चालतात, भिजवली की हवी तशी वळते, सुकली की तसाच आकार धरते. विरीवर मातीच्या पाण्याचे दोन हात दिले. पाठीवरचा मोठा पर असा झाला की आजोबांनी त्याला बोट लावून पाहिलं.

आषाढातलं सुकवणं

आमच्याकडे मूर्तीचं खरं काम आषाढ-श्रावणात होतं, म्हणजे हवेत इतकं पाणी असतं तेव्हा की ओलं कापड दोन दिवस वाळत नाही. माती हळू सुकली तर उलट चांगलंच. त्रास होतो तो असमान सुकण्याचा. शेपटीचं मूळ बारीक, ते आधी सुकतं. डोकं जाड, ते ओलं राहतं. पंखा थेट लावला की हा फरक वाढतो. शेपटीला ओलं फडकं गुंडाळून ठेवलं, डोकं उघडं ठेवलं, पंखा भिंतीकडे तोंड करून लावला. रात्री मासा चुलीवरच्या माळ्याखाली न्यायचा, तिथली ऊब सगळीकडून सारखी लागते.

तरी भेग आली. ती आली डोकं संपून अंग सुरू होतं तिथे, जाडी बदलते त्या जागी, वरून खाली कल्ल्याच्या झाकणामागे. भेग बुजवायला ओली माती भरणं व्यर्थ असतं, कारण भरलेली मातीही आक्रसते आणि शेजारी दुसरी भेग देते. शाडूची कोरडी पूड, कागदाचा लगदा आणि चिंचोक्याची खळ यांचं घट्ट लुकण बनवून ते दाबायचं. पाठीवर आणि पोटाखाली तसंच केलं. बाजूला मात्र भेग बुजवलीच नाही. माशाच्या अंगावर त्याच जागी फट असते. भेगेची कड घासून घेतली, आतून गेरूचा लाल हात दिला आणि कल्ल्याचं झाकण थोडं उघडं दिसू लागलं. जोर लावणारा मासा कल्ले उघडतोच.

यातून मी माझ्यापुरता एक नियम पक्का केला आहे. सांधा आणि जाडीतला बदल प्राण्याच्या अंगावर जिथे मुळातच फट, घडी किंवा मूळ असतं तिथे आणायचा: कल्ल्यामागे, पराच्या बुडाशी, खवलांच्या ओळीखाली. माती जिथे सुटणारच असेल, तिथे तिला सुटायला कारण द्यावं.

खळीबद्दल थोडं. मैद्याच्या खळीला पावसात हमखास बुरशी येते. चिंचोक्याची खळ जास्त चिवट आहे. सावंतवाडीच्या गंजिफाच्या पत्त्यांनाही हीच लागते, आणि त्या दशावतारी गंजिफाच्या १२० पत्त्यांत बारा पत्ते मत्स्याचेच असतात, हे आठवलं की मला बरं वाटतं. बुरशीसाठी खळीत मोरचूद घालायची जुनी सवय आहे. ते माशांना विषारी असतं. समुद्रात जाणाऱ्या कामात ते नकोच. तुरटी घातली आणि खळ रोजच्या रोज ताजी केली.

होडी, वासुकी, समुद्र

होडीसाठी माडाच्या सुक्या पोयीचं (फुलोऱ्याचं) आवरण घेतलं. त्याला होडीचा आकार जन्मतःच असतो, दोन्ही टोकं निमुळती, पोट फुगीर. आत सत्यव्रत आणि सप्तर्षी बोटभर उंचीचे, शाडूचे. तोंडं न कोरता फक्त बसण्याच्या पद्धतीने वेगळे केले. एक जण कडेला घट्ट धरून, एक मागे वळून पाहणारा. बाजूला बांबूच्या काड्यांची उलांडी, म्हणजे होडीचा तोल राखणारा बाजूचा आधार, लावली. पोथीत उलांडी नाही, पण या घराला होडी म्हटलं की ती दिसते, आणि लाटेत कललेल्या होडीला तिने आधारही दिला.

वासुकी संपूर्ण मातीचा करणं शक्य नव्हतं. दोन टोकांमध्ये ताणलेली मातीची कांब हात लागला की तुटते. काथ्याची दोरी पिळून, तिच्यावर सुती पट्टी चिंचोक्याच्या खळीने तिरकी गुंडाळली. गुंडाळीच्या कडांचेच खवले दिसू लागले. फणा आणि शेपटीचं टोक तेवढं मातीचं. फण्याची बाजू शिंगाला, तोंड मागे होडीकडे वळलेलं. ही दोरी शेवटी बांधली, मासा, लाट सगळं कोरडं झाल्यावर, कारण सुकताना अंतर बदलतं आणि आधी बांधलेली दोरी सैल पडली असती. दोरी सरळ रेषेत असली की ताण दिसतो. जराशी झोळ पडली की सगळी गोष्ट बसते. म्हणून होडीच्या नाकाखाली एक पाचर ठेवली होती, ती मागे सरकवून ताण जुळवता येत होता.

पाण्यासाठी हल्ली सर्रास राळ (रेझिन) ओततात. काचेसारखं चकचकीत पाणी होतं खरं, पण ते कधीच विरघळत नाही, त्यामुळे विचारातच घेतलं नाही. २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही प्लास्टर आणि थर्माकोल टाळून नैसर्गिक साहित्य वापरायला सांगितलं आहे. लाटा पेंढ्यावर चिकणमातीच्या केल्या. फेस खळीत बुडवलेल्या कापसाचा. लाटेच्या माथ्यावर, माशाच्या डोळ्यावर आणि ओठावर बाभळीच्या डिंकाचा पातळ हात दिला. ओलेपणाची चमक त्यातून येते. डिंक दमट हवेत चिकटतो, म्हणून तो अगदी शेवटी, उघडीप मिळाली त्या दिवशी आणि हात लागणार नाही अशाच जागी.

तळाशी प्रवाळ हवं होतं. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि तसंही प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, मेलेलं सापडलं तरी उचलायचं नाही. घोसाळ्याची सुकी जाळी तुकडे करून मातीच्या पाण्यात बुडवली. जाळीचे धागे मातीने जाड होतात आणि तंतोतंत प्रवाळ तयार होतं. पुळणीवरची थोडी वाळू, काही रिकामे शिंपले. संकासूर एका मातीच्या शंखातून अर्धा बाहेर आलेला, कोळशाच्या पुडीने काळा केलेला, चार वेद छातीशी धरून. मुलांनी त्याला शोधावं म्हणून तो मुद्दाम प्रवाळाच्या मागे ठेवला.

सोन्याचा रंग

पोथी सोनं सांगते, पण बाजारातला सोनेरी रंग सपाट असतो आणि त्यातली धातूची पूड पाण्यात जाते. हळद वापरायचा मोह होतो. ती उन्हात उडते आणि खाली चुन्याचा हात असेल तर लाल पडते. रामरज, म्हणजे पिवळी माती, वापरली. सगळ्या अंगाला रामरज, खवलांच्या खाचांत पातळ गेरू, आणि प्रत्येक खवल्याच्या कडेवर रामरजेत पांढरी माती मिसळून केलेली फिकट रेघ. दिवसा तो मासा पिवळसर मातकट दिसतो. समईच्या उजेडात खाचा बुडतात, कडा उठतात आणि मासा सोन्याचा होतो. देखावा पाहिला जातो तो आरतीच्या वेळी, समईशेजारी. रंग त्या उजेडातच तपासला.

पाच दिवस आणि नंतर

देखावा घरी नेताना होडी आणि वासुकी सोडवून वेगळे नेले आणि माटवी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधून झाल्यावर तिथे पुन्हा बांधले. माटवीतला एक नारळ नेमका शिंगावर लोंबत होता, तो घरच्यांनी हलवला. आजोबांनी होडीच्या नाकाखालची पाचर स्वतः सरकवली आणि दोरीवर नखाने टिचकी मारून पाहिली. "आता वडता," एवढंच म्हणाले. पाच दिवसांत दोरी दोनदा सैल पडली. दोन्ही वेळा घरच्यांनीच पाचर सरकवून ती ताणली.

गौरी-गणपती विसर्जनाला मूर्ती समुद्रात गेली. देखावा घरच्यांनी अंगणातच मोठ्या घमेल्यात उतरवला. माशाचं वरचं शाडू तासाभरात सुटलं. आतली तुसाची माती रात्रभर पाण्यात ठेवावी लागली, काथ्यामुळे ती गोळ्या-गोळ्यांनी सुटते. पेंढं आणि विरी माडाच्या आळ्यात गेली, वाळू आणि शिंपले पुळणीवर. होडी नातवाने ठेवून घेतली. शाडू आणि चिकणमाती एकत्र झाल्याने ती वरच्या हाताला आता चालणार नाही, पण गाळून, सुकवून आतल्या हातासाठी ठेवली आहे. माणग्याचा कणा, चिवारीचं शिंग आणि सुंभाची गाठ तशीच्या तशी शाळेच्या आढ्याला टांगलेली आहे. पुढच्या वर्षीसाठी घरच्यांनी समुद्रमंथन सांगितलंय. त्यात वासुकी दोन्ही बाजूंनी ओढला जाणार, त्यामुळे मंदाराचा खांब कुठल्या जाडीचा घ्यावा लागेल ते बघायला मी एक माणगा कापून सुकत टाकला आहे.